पुणं खचलं, सिंहगड वर आला?

[दृश्य: खडकवासल्याच्या बाजूने सिंहगड, माथ्यावर ढग]

ढग उतरला की पुण्यातून सिंहगड दिसेनासा होतो. उपग्रहावरच्या रडारला मात्र तो तेव्हाही दिसतो. ढग असो, काळोख असो, रडारचे तरंग आरपार जातात, असं आपण ऐकत आलोय. खोटं नाही ते. पण आरपार जाणं वेगळं आणि वेळेत जाणं वेगळं.

युरोपचा रडार-उपग्रह सेंटिनेल-१ सुमारे ६९३ किलोमीटरवरून फिरतो. त्याच्या रडारची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर. १२ दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेने येतो. दोन्ही खेपांना परतलेल्या तरंगांची फेज, म्हणजे तरंग चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, ताडून पाहिली, की मधल्या काळात जमीन किती हलली ते कळतं. नकाशावर रंगांचं एक आवर्तन म्हणजे २.८ सेंटिमीटर. मोजमाप इतकं बारीक, म्हणूनच वाटेतली हवा नडते.

[दृश्य: इंटरफेरोग्राम (दोन खेपांच्या फेजमधल्या फरकाचा नकाशा), डोंगरउतारावर रंगीत पट्टे]

हवेत तरंग किंचित मंदावतो, आणि तेवढंच अंतर वाढल्यासारखं दिसतं. कोरडी हवा उभ्या मार्गात सुमारे २.३ मीटरची भर घालते. आकडा मोठा, पण हिशेबात बसणारा. तो हवेच्या दाबावर ठरतो. खरा खोडकर बाष्प. त्याची भर सेंटिमीटरांतली, पण आज एक, उद्या दुसरी. कोथरूडवर वेगळी, हडपसरवर वेगळी. आर्द्रतेत २० टक्के फरक पडला तर जमिनीच्या हालचालीत १० सेंटिमीटरपर्यंत चूक येऊ शकते, हा हिशेब संशोधक झेबकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच मांडला होता.

आता गडाकडे या. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, गड १३०० मीटरवर. बाष्पाचा दाट थर खालच्या हवेतच असतो. एक प्रतिमा उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी घेतली आणि दुसरी पाऊस लागल्यावर, तर तरंगाचा उशीर गडापेक्षा शहरावर जास्त वाढतो. नकाशा म्हणतो, पुणं खचलं, गड वर आला. गडावर पिठलं-भाकरी खाणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो!

एखाद्या दिवसाच्या हवेचा गोंधळ बऱ्याच तारखांच्या सरासरीत विरतो. दर पावसाळ्यात नेमाने येणारं हे बाष्प तसं विरत नाही. ते हवामानाच्या प्रारूपांवरून, जीपीएस केंद्रांच्या नोंदींवरून वजा करावं लागतं. हवामान खात्याचे फुगे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आर्द्रता मोजत वर जातात. सेंटिनेलची खेप सहाच्या आसपासची. वेळ छान जुळते, पण फुगा सांगतो फक्त त्याच्या वाटेवरची हवा.

[दृश्य: आंबेगाव तालुक्यातले डोंगर, दाट झाडी]

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा रडार-उपग्रह ‘निसार’ झेपावला. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. निसारच्या एल-बँड रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर. पानांतून खाली उतरणारा असा तरंग घाटातल्या झाडीत कामाचा. पण लांब तरंगाला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, जास्त छळतं, आणि आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर ते विशेष खवळतं. त्यावर इलाज आहे: आयनांबराचा परिणाम वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून दोन वारंवारता ताडून तो वेगळा काढता येतो. बाष्पापुढे ही युक्ती चालत नाही. ते रडारच्या सगळ्याच तरंगांना सारखाच उशीर लावतं, आणि घाटात ते सर्वांत जास्त असतं ते दरडी कोसळण्याच्या महिन्यांतच.