बेड घासायचा की नाही?

[दृश्य: जळगाव एमआयडीसीतला रस्ता, पत्र्याची शेड, अर्धं उघडं शटर]

जळगावची एमआयडीसी लोकांना ठाऊक आहे ती पाइप, चटया आणि डाळ मिलमुळे. या मोठ्या कारखान्यांतला एखादा शाफ्ट झिजला, बुश सैल झाला, की माणूस मोटारसायकलला तो तुकडा बांधून अशाच एखाद्या शेडमध्ये येतो. भिंतीकडचा हा मोठा लेथ, म्हणजे लोखंडाचा तुकडा (जॉब) फिरवत तो टूलनं कापणारं मशीन, कर्नाटकातल्या हरिहरचा, म्हैसूर किर्लोस्करचा. ती कंपनी 1941 मध्ये सुरू झाली. अशा लेथवर शिकलेले टर्नर खानदेशात आजही सापडतील.

"हाई मशीन मना बापनी लिधी," शेडचे मालक नाना अहिराणीत सांगतात, की हे मशीन वडिलांनी घेतलं, आणि हात पुसायला कापड शोधतात.

[जवळून: बेडच्या पुढच्या व्ही आकाराच्या पट्टीवरून फिरणारं नख]

बेड म्हणजे लेथचा लांब ओतीव पाया. त्याच्या पट्ट्यांवरून टूल धरणारं सॅडल सरकतं. तो झिजलाय, मग घासून सरळ करायचा की नाही, हा आजचा प्रश्न. नखाकडे लक्ष द्या. चकच्या, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्याच्या, अगदी जवळ ते अडकतं. तिथपर्यंत सॅडल कधी पोहोचतच नाही, म्हणून तेवढी पट्टी कोरी राहिली. तिच्या पुढे बेड खाली गेला आहे. लेथवरची बहुतेक कामं आखूड असतात. सॅडल दिवसभर चकसमोरच्या हात-दीड हातात मागेपुढे करतं आणि ओतीव लोखंडाचा कीस व तेल यांचा लगदा त्याच्याखाली पॉलिश पेपरसारखा काम करतो.

आखूड कामात हे कळत नाही. उघडं पडतं ते जिनिंगच्या रोलरवर.

[दृश्य: जिनचा रोलर, चामड्याच्या चकत्या, त्यावर पाडलेल्या खाचा]

कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या डबल रोलर जिनमध्ये कापसाचे तंतू ओढतो तो हा चामडी रोलर, आणि सरकी अडते ती त्याला टेकलेल्या पात्यावर. रोलर एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक झाला, तर पातं सगळीकडे सारखं बसणार कसं? गेल्या हंगामात रोलर परत आले. नानांनी आधी टर्नरला झापलं, मग लेथकडे वळले.

[दृश्य: लेथ तपासायला आलेले मिस्तरी पाणसळ ठेवतात. भिंतीवरचं घड्याळ, सकाळचे सात]

सात वाजता का, तर मे महिना आहे. दुपारी जळगावचा पारा पंचेचाळिसाला भिडतो आणि पत्रा खाली आग ओकतो. बेडची वरची बाजू खालच्यापेक्षा एका अंशानं जरी जास्त तापली, तरी दोन मीटरच्या बेडला दीड-दोन शतांश मिलीमीटरची कमान येऊ शकते. मोजायचंय त्याच मापाचं काहीतरी! म्हणून शटर अर्धंच वर, आणि ऊन बेडवर यायच्या आत काम उरकायचं.

पाणसळ आधी आडवी, दोन्ही टोकांना. बेडला पीळ असेल तर जॉबला टेपर (एक टोक जाड, दुसरं बारीक) येतोच, आणि तो पायाखालच्या बोल्टनं निघतो. जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक सरकलेला असला तरी टेपर येतो. म्हणून दुसरी चाचणी टेलस्टॉकशिवाय: चकमध्ये जाड सळई, तिच्यावर थोड्याथोड्या अंतरावर कडी, हलका कट आणि मायक्रोमीटर. टेलस्टॉकचा टेपर सरळ रेषेत वाढत जातो. झिजलेल्या बेडचा तसा नसतो. चकजवळ जॉब फुगतो आणि पुढे सरळ होतो.

[जवळून: डायलचा काटा]

आता हा काटा. डायल, म्हणजे शतांश मिलीमीटर मोजणारं घड्याळ, सॅडलवर बसवलाय, टोक टेलस्टॉकच्या पट्टीवर. चकजवळ टेलस्टॉक सहसा जात नाही, त्यामुळे पट्टीचा तो भाग जवळपास नवा आहे. सॅडल चकच्या दिशेनं निघालं. काटा हलत नाही, हलत नाही... आणि आता फिरला. वीस डिव्हिजन. म्हणजे पुढची पट्टी 0.2 मिलीमीटर खाली.

यातला कळीचा मुद्दा असा. पन्नास मिलीमीटरच्या शाफ्टवर टूल नुसतं सरळ खाली गेलं, अगदी 0.1 मिलीमीटर, तर व्यासात फरक पडतो तो एका मायक्रॉनच्याही आत. पण पुढची पट्टी खचली आणि मागची तशीच राहिली, की सॅडल पुढे झुकतं आणि टूल जॉबपासून लांब जातं. पट्ट्यांपासून चकच्या केंद्राची उंची दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मी धरली, तर पुढची पट्टी 0.1 खचल्यानं व्यास जवळजवळ तेवढाच वाढतो. नानांच्या लेथची मागची पट्टी फारशी झिजलेली नाही. दुखणं नेमकं तेच.

[दृश्य: कानस बेडच्या कोपऱ्यावर]

कानस चावते. बेड मऊ आहे, हार्डन केलेला नाही, म्हणजे हातानं खरवडून सपाट (स्क्रॅप) करता येईल. मिस्तरी मान हलवतात. शतांशांचं काम हातानं होतं, 0.2 काढायला हात झिजतील. ग्राइंडिंगच.

तेवढ्यात नवीन चायना लेथचं कोटेशन टेबलावर येतं. आम्ही ते चित्रित केलं नाही.

[दृश्य: मिस्तरी जमिनीवर खडूनं आकृती काढतात]

ग्राइंडिंगवाला पैसे घेतो बेडचे. खरा खर्च त्यानंतरचा. बेड खाली गेला की सॅडल खाली, सॅडलबरोबर त्याला लटकलेला गिअरचा डबा, एप्रन, खाली. आटे पाडताना सॅडल ओढणारा लीड स्क्रू मात्र जागेवरच, मग एप्रनमधला हाफ नट त्याच्यावर घासत बसतो. यावर उपाय म्हणजे गेलेली उंची भरायला सॅडलच्या पोटाला टर्साइट या गुळगुळीत प्लास्टिकची फिरोजी पट्टी इपॉक्सीनं चिकटवायची आणि मग निळी शाई लावून ती बेडशी जुळवायची. चक धरणारा हेडस्टॉक पुन्हा बसवायचा, टेलस्टॉकची उंची चकच्या केंद्राशी आणायची. "नुसता बेड चकचकीत करून आणला, तर आधीच बरा होता म्हणाल," मिस्तरी नानांना बजावतात. बाजारात रंग मारून 'रिकंडिशन्ड' म्हणून विकली जाणारी बरीच मशीनं याच पायरीवर थांबलेली असतात.

लेथ उघडणार, बेड टेम्पोनं धुळ्यावरून नाशिकला जाणार, शेडमधल्या एका पोऱ्याला तोवर काम नाही. दसऱ्याआधी, जिनिंगची कामं सुरू व्हायच्या आत, सगळं परत बसायला हवं.

[दृश्य: वहीचा फाडलेला कागद, मिस्तरींचं अक्षर]

ग्राइंडिंगवाल्यासाठी हा कागद. बेड बांधताना दाबून सरळ करू नका, सुटल्यावर परत वाकेल. माप टेलस्टॉकच्या कोऱ्या भागावरून धरा. लागेल तेवढंच काढा, आणि किती काढलं ते लिहून द्या.

नाना कागद वाचतात. "आणि भाव?"

"तो तुम्ही बोला, नाना. माझं काम मापाचं."