पोकळ गोलात धातू किती?

पोकळ गोलाचं गणित घातलं की काही वह्यांत एक चूक हमखास सापडते. बाहेरच्या त्रिज्येतून आतली त्रिज्या वजा करायची, उरलेल्या जाडीचा घन करायचा आणि चार-तृतीयांश पायनं गुणून मोकळं व्हायचं. ‘आधी घन, मग वजाबाकी’ असं आपण शिक्षक बजावतो खरं, पण का ते सांगत नाही.

खरीखुरी वस्तू घेऊ. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तयार करते आहे, तीन माणसांना ६००० मीटर खोल नेण्यासाठी. माणसं बसायची तो टायटॅनियम मिश्रधातूचा पोकळ गोल. आतला व्यास २.१ मीटर, भिंत ८ सेंटीमीटर. म्हणजे आतली त्रिज्या १.०५ मीटर, बाहेरची १.१३. जाडीचा घन करून बघा: धातू येतो जेमतेम २.१ लिटर. तीन माणसांभोवतीची भिंत, आणि धातू कळशीभरही नाही!

आता नीट करू. १.१३ चा घन १.४४२९, १.०५ चा १.१५७६. वजाबाकी ०.२८५३, तिला चार-तृतीयांश पायनं, म्हणजे ४.१८८८ नं, गुणलं की १.१९५ घनमीटर, म्हणजे ११९५ लिटर. हा धातू घनमीटरला सुमारे ४४३० किलो भरतो, तेव्हा वजन ५.३ टनांच्या आसपास. दाराची, खिडक्यांची भोकं मी धरलेली नाहीत.

गोलाचं घनफळ आपल्याकडे सहजासहजी हाती आलेलं नाही. आर्यभटांनी ४९९ मध्ये वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्याच वर्गमुळानं गुणायला सांगितलं, वर ‘निरवशेष’, म्हणजे अगदी अचूक, असं म्हटलं. उत्तर ३३ टक्के जास्त येतं. ग्रीकांकडे आर्किमिडीजनं बरोबर सूत्र त्याच्या सातशे वर्षं आधीच काढलं होतं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त दिलं: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, ‘कन्दुकस्येव जालम्’, चेंडूवर चढवलेल्या जाळीसारखं. त्याला व्यासानं गुणा, सहानं भागा, घनफळ मिळालं. (चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे त्यात.)

मला हे रूप शाळेतल्या सूत्रापेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात कारण दिसतं. भास्कराचार्यांनी स्वतःच ते सांगितलंय: गोलाच्या पृष्ठावर एकेक चौरस एकक पाया असलेल्या सूच्या, म्हणजे टोकदार पिरॅमिड, कल्पा, सगळ्यांची टोकं केंद्रात. प्रत्येक सूचीचं घनफळ पाया गुणिले उंची भागिले तीन, आणि उंची म्हणजे त्रिज्या. बेरीज केली की पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले तीन.

पोकळ गोल म्हणजे याच सूच्यांची टोकं कापून टाकायची. मोठ्या सूचीतून छोटी सूची गेली, म्हणून मोठ्या घनातून छोटा घन जातो. त्रिज्यांची वजाबाकी आधी केली तर तुम्ही भिंतीच्या जाडीएवढ्या त्रिज्येचा एक छोटा भरीव गोल मोजता. तो या पाणबुडीत कुठेच नाही.

भिंत पातळ असली की आपण पृष्ठफळाला जाडीनं गुणतो. पण कोणतं पृष्ठफळ? बाहेरचं घेतलं तर १२८४ लिटर, आतलं घेतलं तर ११०८. मधली त्रिज्या, १.०९ मीटर, घेतली तर ११९४.४! खऱ्या उत्तराला फक्त अर्धा लिटर कमी. हा अर्धा लिटर म्हणजे जाडीचा घन गुणिले पाय भागिले तीन. जाडीचा घन आला की नाही शेवटी? पण मुख्य उत्तर म्हणून नाही, किरकोळ दुरुस्ती म्हणून.

एका श्रोत्यानं विचारलंय, सुरक्षेसाठी भिंत १० सेंटीमीटरची का करू नये? करून बघू. आत्ता बाहेरचं घनफळ ६.०४ घनमीटर, म्हणजे गोल सुमारे ६.२ टन समुद्राचं पाणी बाजूला सारतो. स्वतः ५.३ टनांचा, तेव्हा रिकामा असताना तरंगतो आणि ९०० किलो हाताशी राहतात. आतली जागा तीच ठेवून भिंत १० सेंटीमीटर केली की बाहेरची त्रिज्या १.१५ होते, धातू १.५२ घनमीटर, वजन ६.७ टन. सारलेलं पाणी मात्र ६.५ टनच. म्हणजे आत माणूस बसायच्या आधीच गोल बुडाला.