हंगेरीचा रणगाडा आणि इराकचं बिल

नमस्कार, श्रोतेहो.

१९९० साली कुवेतमधली नोकरी, घर, सगळं टाकून अम्मानमार्गे मुंबईला परतलेलं कुणी ना कुणी तुमच्या नात्यागोत्यात असेल. ती माणसं निघून आल्यावर तिकडे काय झालं, ते आज सांगतो. फेब्रुवारी १९९१मध्ये, कुवेत बळकावून बसलेल्या इराकच्या सद्दाम हुसेन यांच्या सैन्याने माघार घेता घेता कुवेतच्या ६००हून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. भर दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागत, इतका काळोख. जमिनीवर तेलाची तळी साचली.

विझवायला कित्येक वर्षं जातील, असा जाणकारांचा अंदाज होता. अमेरिका, कॅनडातली नावाजलेली पथकं आली. पण वाळवंटात पाणी कुठलं? मग ज्या नळांतून तेल समुद्राकडे जायचं, त्याच नळांतून समुद्राचं पाणी उलटं विहिरींकडे आणलं.

आणि मग आले हंगेरीवाले! त्यांनी काय आणावं? दुसऱ्या महायुद्धातल्या बनावटीचा, टी-३४ जातीचा रणगाडा. वरची तोफ काढलेली, आणि तिच्या जागी मिग-२१ या लढाऊ विमानाची दोन इंजिनं. हो, रणगाड्यावर विमानाची इंजिनं! एक जण आत बसून रणगाडा चालवणार, एक जण मागे बसून इंजिनं सांभाळणार आणि म्होरक्या चक्क पायी, बाजूने चालत सूचना देणार. धगीपाशी पोचले की इंजिनं सुरू. त्या झोतात पाणी सोडायचं, की वाफ आणि वारा एकदमच ज्वाळेवर आदळणार. देवापुढचा दिवा फुंकरीने विझवू नये म्हणतात. इथे फुंकरच लागली, फक्त ती मिगची. ज्वाळा बुडापासून तुटायची. तेल मात्र उसळतच राहायचं आणि तापलेल्या लोखंडाने पुन्हा पेट घेण्याची धास्ती, म्हणून पाण्याचा मारा थांबवायचा नाही.

भंगारात जायच्या लायकीचा रणगाडा बरं का! आणि आपल्याकडे मिक्सरचं बटण बिघडलं की नवा मिक्सर. दुरुस्ती करणारा गल्लीतून हद्दपार झाला, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

६ नोव्हेंबर १९९१ला शेवटची विहीर बंद झाली. म्हणजे नऊ महिन्यांच्या आत.

आता बिलाचं बोलू. सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९१मध्येच ठराव क्रमांक ६८७ करून पर्यावरणाच्या हानीसह सगळी भरपाई इराकवर टाकली. एकूण ५२.४ अब्ज डॉलर. ही रक्कम इराकच्या तेलाच्या पैशातून वळती होत राहिली, ती जानेवारी २०२२मध्ये फिटली. म्हणजे युद्धानंतर जन्मलेल्या पोरांच्या वाट्याचं तेलही त्यात गेलं. आणि सद्दाम? २००६ साली ते फासावर गेले, पण दुजैल गावातल्या हत्याकांडासाठी. विहिरींबद्दल त्यांच्यावर खटला नाही. पुन्हा सांगतो: पैसे देशाने भरले, विहिरींबद्दल नेत्यावर खटला नाही.

कायदा नाही असं नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कायद्यात, युद्धगुन्ह्यांच्या कलम ८मध्ये, पर्यावरणाच्या हानीबद्दल एक पोटकलम आहे. पण ते देशादेशांतल्या युद्धापुरतंच. त्यातही हानी व्यापक हवी, दीर्घकाळची हवी, गंभीर हवी. तिन्ही एकाच वेळी. शिवाय लष्करी फायद्याच्या मानाने ती उघड उघड जास्त, हेही सिद्ध करायचं. आजवर या पोटकलमाखाली कुणालाही शिक्षा झालेली नाही. शांततेच्या काळात जंगल किंवा नदी संपवणारा मंत्री तर या पोटकलमात बसतच नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ या समुद्राच्या तोंडाशी बसलेल्या बेटांनी मागणी केली, की पर्यावरणसंहार हा स्वतंत्र गुन्हा करा, युद्ध असो वा नसो. त्याला दोन-तृतीयांश सदस्य देशांचा होकार लागेल. माझं मत विचाराल, तर देशाला दंड ठोकण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. मात्र इराक त्या न्यायालयाचा सदस्य नाही, अमेरिका नाही, आणि श्रोतेहो, आपला भारतही नाही.