खडूच्या रिंगणातला उंदीर

हे चित्र जरा थांबून पाहा. लाकडी कठड्याचा आखाडा आणि त्यावर ओणवी झालेली माणसं. मधोमध एवढासा काळा-तांबूस टेरिअर जातीचा कुत्रा. नाव टायनी, वजन जेमतेम अडीच किलो. बायकांच्या हातातलं कडं त्याच्या गळ्यात पट्टा म्हणून बसायचं. 1848 साली आणि पुन्हा 1849 साली या टायनीनं तासाभराच्या आत 200 उंदीर मारले. चित्रातले सगळे त्याच्याकडे बघतायत. आपण उंदरांकडे बघू या.

लंडनमधल्या बनहिल रो या रस्त्यावरचा हाच तो पब. तेव्हाचा ब्लू अँकर, आता पाटीवर आर्टिलरी आर्म्स. मालक जिमी शॉ, मूळचा मुष्टियोद्धा. हेन्री मेह्यू या पत्रकाराला त्यानं स्वतः सांगितलं होतं, की आठवड्याला 300 ते 700 उंदीर आपण विकत घेतो. इसेक्सकडच्या शेतमजुरांची घरं त्यावर दोन पैसे कमवायची. उंदीर कोठारातलाच हवा. गटारातला चावला तर कुत्र्याचं तोंड सडतं. त्यांना खायलाही नीट घालावं लागे, नाहीतर ते एकमेकांनाच खात.

संध्याकाळी हातगाडीवाले, बग्गीवाले, शिपाई जमायचे. त्यांच्यात साहेबलोकही असायचे. कुणी कोटात गुंडाळून कुत्रं आणलेलं. दारूबरोबर कुत्र्यांचे दात, पाय, डोळे यांची पारख चालायची, कारण आखाडा मारलेल्या कुत्र्याला गिऱ्हाईक मिळे. मग गंजलेला पिंजरा यायचा. आत हात घालून, शेपटीला धरून एकेक उंदीर मोजत आखाड्यात सोडायचे. घाबरलेले उंदीर कठड्यालगत एकमेकांवर चढून ढीग करत. पंचाच्या हातात घड्याळ. उंदीर मेला की नाही यावर वाद झाला, तर त्याला खडूच्या रिंगणात ठेवून शेपटीवर तीनदा काठी मारायची. सरपटत रिंगणाबाहेर आला, तर जिवंत धरायचा.

हो, हे मोजमाप पैजेच्या पैशासाठी होतं.

शेवटी कुत्र्याचं तोंड पेपरमिंटच्या पाण्यानं धुवायचं. उंदरांसाठी पाणी नव्हतं.

1835 च्या कायद्यानं बैल, अस्वल, कोंबडे आणि कुत्रे यांच्या झुंजी बंद केल्या होत्या. उंदीर त्यात बसले नाहीत. पुढे शौक ओसरला. 1912 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला शेवटचा जाहीर सामना झाला.

आणि हा आजचा इंग्लिश टॉय टेरिअर. टायनीच्याच घराण्यातला. बागेत पानांमागे धावतोय.