वॅक्समध्ये माती गेली? गाळू नका, बसू द्या

नमस्कार मंडळी. पार्किंगमध्ये गाडीला वॅक्स लावताना डबी हातातून सुटते आणि नेमकी उपडी पडते. किंवा पॅड खाली पडतो, आपण तो झटकतो आणि पुन्हा डबीत बुडवतो. दोन्हीचा परिणाम एकच, वॅक्समध्ये वाळू. चांगलं कार्नोबा वॅक्स महाग असतं, त्यामुळे टाकवत नाही आणि तसंच लावायची हिंमतही होत नाही. ते वाचवता येतं का, कसं, आणि कधी नाद सोडायचा, हे आज दाखवतो.

आधी हे बघा.

(जवळून: डबीवर टॉर्चचा उजेड आडवा मारलेला)

टॉर्च वरून धरलीत तर काही दिसत नाही. आडवी धरली की प्रत्येक कणाची सावली पडते. हा चकाकणारा कण दिसतोय? ही वाळू, म्हणजे क्वार्ट्झ. काठिण्याच्या मोहस मापावर, जिथे हिरा 10 वर असतो, क्वार्ट्झ 7 वर बसतो. आपल्या गाडीच्या रंगावरचा पारदर्शक क्लिअरकोट असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. वॅक्स आपण गोल गोल चोळतो, म्हणजे हाच कण त्या थरावरून शेकडो वेळा फिरवतो. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात ना, त्यांची सुरुवात बऱ्याचदा अशा कणांनीच होते.

एक फरक मात्र ओळखा. जुन्या पद्मिनीला किंवा ॲम्बेसेडरला, जिच्या रंगावर क्लिअरकोट नसतो, वॅक्स लावलंत की रंगच थोडा पॅडवर उतरतो आणि पॅडवरून डबीत जातो. पांढरं वॅक्स लालसर किंवा निळसर होतं. तो नुसता रंगाचा डाग आहे, खरखरीत कण नाही. वरचा रंगलेला थर काढला की काम झालं, वितळवायची गरज नाही.

आणि खरं सांगायचं तर मातीच्या बाबतीतही पहिला उपाय हाच. डबी पडल्यावर माती वरच्या दोन-तीन मिलीमीटरमध्येच रुतते. प्लॅस्टिकची पट्टी घ्या, जुनं एटीएम कार्डही चालेल, आणि वरचा थर खरवडून काढा. कडेकडेने आत, आणि प्रत्येक वेळी कार्ड पुसून. खाली स्वच्छ वॅक्स लागलं तर थांबा. वितळवण्याची पाळी येते ती पॅडने माती आतपर्यंत घोळली गेली असेल तरच.

आता वितळवायचं. इथे जरा नीट ऐका, कारण बहुतेक लोक सरळ गॅसच पेटवतात.

पेस्ट वॅक्स म्हणजे नुसतं मेण नव्हे. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते 82 ते 86 अंशांना वितळतं आणि एरवी इतकं टणक असतं की बोटाने खरवडलंही जात नाही. मग डबीतलं वॅक्स लोण्यासारखं मऊ कसं? त्यात मधमाशीचं किंवा पॅराफिनचं मेण असतं, आणि मुख्य म्हणजे मेण मऊ ठेवणारं मिनरल स्पिरिट किंवा नॅप्था, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेलं पातळ द्रावक, असतं. डबी उघडल्यावर जो वास येतो तो याचाच. मिनरल स्पिरिटची वाफ साधारण 40 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, काही प्रकारच्या नॅप्थाची त्याहूनही आधी. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता ओट्यावरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. म्हणून गॅसवर नाही, स्वयंपाकघरात नाही, देवघरात समई तेवत असेल तर घरातच नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही.

काय करायचं ते सांगतो. स्वयंपाकघरात फक्त पाणी उकळा. गॅस बंद करा. पाणी गॅलरीत न्या, जिथे वारा आहे आणि जवळपास कोणी सिगारेट ओढत नाही. एका जाड बुडाच्या पातेल्यात डबी ठेवा आणि भोवती ते पाणी ओता, डबीच्या निम्म्या उंचीपर्यंत.

(जवळून: पातेल्यातली डबी, पाणी ओतताना)

हे बघा, डबी तरंगायला लागली. वॅक्स अर्धंच उरलं असेल तर ती हमखास तरंगते आणि कलंडते. पाणी थोडं कमी करा, बूड टेकलं पाहिजे. झाकण वर नुसतं ठेवा, आवळू नका. आवळलंत तर आत दाब वाढतो, उघडं टाकलंत तर स्पिरिट उडून जातं. डबी पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर ती या पाण्यात वाकडी होईल, म्हणून वॅक्स आधी स्टीलच्या डब्यात काढा. कार्नोबा स्पिरिटमध्ये मिसळलेलं असल्यामुळे सहसा 82 अंशांची वाट बघावी लागत नाही, गरम पाण्यात हळूहळू पातळ होतं. पाणी निवलं तर एकदा बदला. सगळं पातळ झालं की काडीने एकदाच हलकेच ढवळा, म्हणजे अडकलेली माती सुटेल. मग हात लावायचा नाही.

आता लोक मलमलचं कापड घेतात आणि गाळायला जातात. माझा याला विरोध आहे. कापडाच्या विणीतून बारीक वाळू खुशाल खाली जाते, अडकतात ते फक्त धागे, पालापाचोळा, एखादा किडा. शिवाय गाळताना वॅक्स उघड्यावर पसरतं, स्पिरिट उडतं, आणि गार झालेलं निम्मं वॅक्स कापडालाच चिकटून बसतं. कागदी फिल्टर तर मिनिटात तुंबतो.

त्यापेक्षा वजनाला काम करू द्या. पातळ वॅक्सची घनता पाण्याहून कमी, वाळूची पाण्याच्या अडीचपटीहून जास्त. तूप कढवल्यावर बेरी जशी तळाशी बसते, तशीच ही वाळू बसते. फक्त वेळेचं गणित लक्षात घ्या. कणाचा आकार दहापट लहान झाला की खाली बसायचा वेग शंभरपट कमी होतो. डबीत तीन सेंटीमीटर वॅक्स असेल तर 0.1 मिलीमीटरचा वाळूचा कण अंदाजे अर्ध्या मिनिटात तळ गाठेल, 0.01 मिलीमीटरच्या कणाला पाऊण तास लागेल. म्हणून वॅक्स तासभर तरी पातळ राहिलं पाहिजे. पातेल्यावर ताट झाका, भोवती जाड टॉवेल गुंडाळा, आणि तसंच रात्रभर सावकाश गार होऊ द्या. त्याहून बारीक धूळ तरंगत राहील, पण चरे पाडतात ते मोठे टोकदार कण, आणि ते खाली गेलेले असतात.

सकाळी मधोमध खळगा दिसेल. घाबरू नका, मेण थिजताना आकसतं. आता सगळी घाण तळाच्या पातळ थरात बंदिस्त आहे. डबी क्षणभर गरम पाण्यात बुडवा, वडी सुटेल, आणि तळाचे चार-पाच मिलीमीटर सुरीने कापून वेगळे काढा. वडी सुटत नसेल तर राहू द्या. वरून वापरत जा आणि तळाचा थर राखून ठेवा.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. वितळवण्याआधी झाकणासकट डबीचं वजन करा, आणि थिजल्यावर, काहीही कापण्याआधी, बाहेरचं पाणी पुसून पुन्हा करा. जेवढे ग्रॅम कमी भरले तेवढं स्पिरिट गेलं. दोन-चार ग्रॅमने फरक पडत नाही. जास्त गेलं असेल तर वॅक्स कडक होतं, पॅडवर येत नाही, आणि गाडीवर लावलं तर पुसताना दम निघतो. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन थेंब थेंब घालून ते मऊ करता येतं, पण मूळ पोत परत येत नाही. म्हणून झाकणाची एवढी काळजी.

मे महिन्यात डिकीत विसरलेल्या डबीचंही असंच होतं. उन्हात मेण आपोआप पातळ होतं, पुन्हा थिजतं, आणि झाकण सैल असेल तर प्रत्येक वेळी थोडं स्पिरिट जातं.

कोणतं वॅक्स वितळवू नये? डबीवर क्लीनर वॅक्स लिहिलं असेल ते. त्यात रंग घासणारी पूड मुद्दाम घातलेली असते, तीही मातीबरोबर खाली बसेल. पाण्यात घोटलेलं क्रीम वॅक्सही नको, ते फाटतं. आणि डबी स्वस्तातली असेल तर एवढा खटाटोप करू नका, नवीन आणा.

गाडीला लावण्याआधी परीक्षा घ्या.

(जवळून: जुनी सीडी, चकचकीत बाजू वर)

जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर बोटाने थोडं वॅक्स चोळा, पुसा, आणि टॉर्च आडवी मारा. नवे चरे दिसले तर हे वॅक्स गाडीचं नाही. पुन्हा एकदा वितळवून बघू शकता, तिसऱ्यांदा नको, तोपर्यंत स्पिरिट उरलेलं नसतं.

आणि तळाचा तो मातकट थर फेकू नका. पावसाळ्याआधी फावडं, कुदळ, कोयता, गेटची कडी यांवर जुन्या फडक्याने चोळा, गंज उशिरा धरतो. फक्त तो वेगळ्या डबीत ठेवा आणि झाकणावर मार्करने ठळक लिहा, ‘गाडीसाठी नाही’, म्हणजे घरातलं दुसरं कोणी तीच डबी घेऊन गाडी चमकवायला जाणार नाही.