अभ्यासाचा तुटलेला तास

उपस्थित प्राध्यापक, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

मुलांचे किती तास सोशल मीडियावर जातात, असे पालक मला नेहमी विचारतात. माझ्या मते खरे नुकसान अभ्यासाचे म्हणून जे तास आपण धरतो, त्यांच्या आतच होत असते.

मध्यंतरी नागपूरच्या धंतोलीतील एका अभ्यासिकेत मी दुपारभर बसलो होतो. समोर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी इंटिग्रेशनचे गणित सोडवत होता आणि मोबाइल वहीशेजारी पालथा ठेवलेला होता. तीन पायऱ्या लिहून होताच मोबाइल थरथरला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी प्रॅक्टिकलची बॅच विचारली होती. ते वाचायला पाच सेकंदही लागले नसतील, पण अंगठा आपसूक इन्स्टाग्रामकडे वळला, आणि मोबाइल खाली ठेवल्यावर त्याने तेच गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. तासाभरात असे अनेकदा झाले, आणि त्या तासात गणिते झाली दीड. हा मुलगा आळशी मुळीच नव्हता. तो पाणी प्यायलाही उठला नव्हता.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली याच गोष्टीची मांडणी केली. एक काम अर्धवट सोडून आपण दुसऱ्याकडे वळलो की मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि नव्या कामाला उरलेलेच मन मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांच्या मोजणीत माणूस एका पडद्यावर सरासरी किती वेळ टिकतो, हे २००४ च्या सुमारास अडीच मिनिटे होते. अलीकडच्या काळात ते सुमारे ४७ सेकंदांवर आले आहे. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील प्रयोगात मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी तो टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस कामगिरी केली. पुढच्या काही प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण वाजणारा मोबाइल लक्ष मोडतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

याचा सगळा दोष मुलांच्या मनोनिग्रहावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पुस्तकाचे प्रकरण संपते आणि वाचणारा थांबतो. २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी तयार केलेल्या अखंड स्क्रोलच्या रचनेत पान संपतच नाही, आणि आपल्या या निर्मितीबद्दल त्यांनी स्वतःच पुढे खेद व्यक्त केला. त्यातच पुढची रील आवडेल की नाही हे आधी कळत नाही, आणि अनिश्चित बक्षिसाची ओढ सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून कधीच दाखवून दिले होते.

आम्हा शिक्षकांचाही यात वाटा आहे. वेळापत्रक, असाइनमेंट, हजेरीची यादी, सगळे आम्ही त्याच ग्रुपवर टाकतो, कधी रात्री साडेदहाला. मग ‘मोबाइल बाजूला ठेव’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? एका विद्यार्थिनीने मला हे सरळ विचारले, “सर, सूचना हुकली तर सबमिशन हुकतं, मग मोबाइल बंद कसा ठेवू?” तिचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून माझ्या वर्गाच्या सूचना मी फक्त सायंकाळी पाच वाजता, एकदाच पाठवतो, आणि तातडीचे काही असेल तर वर्गप्रतिनिधीला फोन करतो. आता ती विद्यार्थिनी पाचची सूचना वाचून मोबाइल आईजवळ देते आणि जेवणाच्या वेळीच परत घेते.