जुनी लिव्हर रायफल काडतूस घेत नाही? आधी बघा, ते अडकतंय कुठं

नमस्कार मंडळी. वारसानं नावावर आलेली जुनी लिव्हर रायफल तुमच्याकडे असेल आणि लिव्हर, म्हणजे चापाभोवतीचा दांडा, ओढल्यावर काडतूस मध्येच अडकत असेल, तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे. रायफल विंचेस्टर १८९२ मॉडेलची असो, १८९४ ची असो की मार्लिन ३३६. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काय किंवा शेतात घुसलेल्या हरणावर काय, ही रायफल रोखायची नाही. पण परवान्यावरचं हत्यार निर्दोष ठेवणं ही मालकाची जबाबदारीच आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. म्हणून घरी आपण करायचं ते तपासणी आणि साफसफाई. कानस, वेल्डिंग, पार्ट बदलणं हे परवानाधारक गनस्मिथचं काम. पण दोष नेमका कुठं आहे हे तुम्हाला सांगता आलं, तर तो चांगल्या पार्टला विनाकारण हात लावणार नाही. जुन्या रायफली झिजून जितक्या खराब होतात, तितक्याच चुकीच्या जागी कानस लागून होतात.

आता रायफल रिकामी करू, आणि इथं घाई नको. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. लिव्हर पूर्ण खाली. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यानं बघा आणि करंगळीनं चाचपा. मग मॅगझिन ट्यूबच्या, म्हणजे नळीखालच्या काडतुसं भरायच्या नळीच्या, मागच्या तोंडात टॉर्च मारा. तिथं फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची टोपी, दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर ट्यूबमध्ये काडतूस आहे असंच धरून चला. स्प्रिंग थकलेली आणि ट्यूब चिकट असेल तर एखादं काडतूस मध्येच अडकून बसतं, रायफल रिकामी भासते आणि दोन-चार वेळा लिव्हर हलवल्यावर ते खाली येतं. अशा वेळी हलवाहलव करू नका, तशीच गनस्मिथकडे न्या. घरातली खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. तपासणी फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या डमीनं, म्हणजे नकली काडतुसानं, आणि डमी त्याच कॅलिबरची, खऱ्या काडतुसाच्याच लांबीची. डमी आखूड असेल तर नसलेला दोष दिसेल.

(कॅमेरा जवळ, उघडी अ‍ॅक्शन)

हे बघा. लिव्हर खाली जाते तसा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, मागं सरकतो, वापरलेली केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर फेकली जाते. ट्यूबमधलं पहिलं काडतूस स्प्रिंगच्या जोरानं या कॅरिअरवर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पार्टवर, येतं. लिव्हर पूर्ण खाली नेली तरच कॅरिअर टुणकन वर उचललं जातं. लिव्हर मिटताना बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. या सगळ्या काळात दुसरं काडतूस ट्यूबमध्येच थोपवून धरलेलं असलं पाहिजे.

लिव्हर पूर्ण खाली गेल्याशिवाय कॅरिअर उचललं जात नाही हे लक्षात घेतलं की बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात. जुनं हत्यार म्हणून लोक लिव्हर हळुवार, अर्धवट ओढतात. मग कॅरिअर वर येतच नाही आणि बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो. लिव्हर शेवटपर्यंत, थांबेल तिथपर्यंत न्या. पाच डमी भरा. एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या जोमानं चालवा. दोन्ही वेळा एकाच जागी अडकलं तर दोष पार्टमध्ये आहे.

काडतूस ट्यूबमधून येतच नाही, किंवा पहिली तीन येतात आणि शेवटची दोन रेंगाळतात? मग स्प्रिंग किंवा ट्यूब. ट्यूब भरलेली असते तेव्हा थकलेली स्प्रिंगही दाबामुळं काम करते, शेवटी तिचा जोर संपतो. ट्यूबच्या पुढच्या टोकाला प्लग असतो, तो एका स्क्रूनं धरलेला असतो. स्क्रू काढताना प्लगवर अंगठा दाबून धरा, चेहरा बाजूला. नाहीतर स्प्रिंग थेट भिंतीवर. आणि स्क्रूड्रायव्हर घरातला नको. जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ कडांची असते, साधं निमुळतं पातं तिच्यातून निसटतं आणि डोकं खराब होतं. खाचेत बरोबर बसणारं समांतर पातं नसेल तर हे कामही गनस्मिथवर सोडा. काढलेली स्प्रिंग ट्यूबशेजारी ठेवून बघा. मोकळी स्प्रिंग ट्यूबपेक्षा निदान वीतभर लांब भरली पाहिजे. ट्यूबइतकीच भरली तर तिचं आयुष्य संपलं. मग फॉलोअर एकटाच ट्यूबमध्ये सोडा आणि ट्यूब उभी धरा. तो स्वतःच्या वजनानं सरसर खाली यायला हवा. जिथं थांबेल तिथं एक तर पोचा आहे, नाहीतर गंज, नाहीतर चिकटा.

या चिकट्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडं करडईचं तेल घरोघर. ते खायला उत्तम, पण हवेत वाळणारं तेल आहे, म्हणून तर रंग-वार्निशातही वापरतात. कुणी पूर्वी बंदुकीला घरचं तेल लावलं असेल तर त्याचा पिवळट, कडक थर झालेला असतो, आणि त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसली की सँडपेपरच तयार. खोबरेल तेल थंडीत थिजतं, तेही नको. रॉकेलमध्ये किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडानं ट्यूब आतून पुसा, मग कोरडं कापड फिरवा. ट्यूबच्या आत तेल ठेवायचंच नाही. ते काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, झिरपतं आणि काडतूस फुसकं निघतं. बाकी हलत्या भागांना गन ऑइलचा एकेक थेंब पुरे. निवडणुकीच्या वेळी पोलिस ठाण्यात जमा केलेली रायफल परत आल्यावर एवढी सफाई कराच. उघडी पडलेली रायफल धूळ आणि दमट हवा दोन्ही खाते.

आता दोन काडतुसं एकदम येण्याचा दोष. लिव्हर मधेच घट्ट होते, ना वर ना खाली. जोर लावू नका. विंचेस्टर १८९२ मॉडेलला डाव्या गाइडमध्ये, म्हणजे काडतुसाला बाजूनं वाट दाखवणाऱ्या पट्टीत, एक छोटा कार्ट्रिज स्टॉप आणि त्याची इवलीशी स्प्रिंग असते. ती चिकटली किंवा मेली की दुसऱ्या काडतुसाला कुणी अडवत नाही. सफाईनं बऱ्याचदा सुटतं, नाहीतर स्प्रिंग नवी. मार्लिन ३३६ चं कारण वेगळं. लिव्हरची धारदार कड कॅरिअरला घासत घासत त्यात खाच पाडते. मग कॅरिअर हवं तेवढं उचललं जात नाही, ट्यूबचं तोंड नीट बंद होत नाही, दुसऱ्या काडतुसाची रिम, म्हणजे बुडाची कड, आत डोकावते आणि सगळं जाम.

(कॅमेरा जवळ, कॅरिअरवरची खाच)

नखानं ही खाच लागते बघा. इथं भर घालून जागा पूर्ववत करावी लागते आणि लिव्हरची ती कड किंचित गोल करावी लागते, नाहीतर नवं कॅरिअरही तसंच कापलं जाईल. हे गनस्मिथला आवर्जून सांगा.

काडतूस वर आलं पण गोळीचं नाक चेंबरच्या कडेला आदळतंय? बाजूला आदळत असेल तर दोन्ही बाजूंच्या गाइडचे स्क्रू ढिले आहेत का बघा. खाली आदळत असेल तर कॅरिअर पूर्ण उचललं जात नाहीये. चेंबरची कड घासून मोठी करायला कुणालाही देऊ नका, केसला आधार राहत नाही.

आत गेलं, पण बोल्ट शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडतो? एक्स्ट्रॅक्टरखाली, म्हणजे केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली, कचरा असतो, त्यामुळं तो रिमवर चढत नाही. टूथब्रशनं साफ करा. चेंबरमध्ये गंज असेल तरीही असंच होतं.

काडतुसांची लांबी व्हर्नियरनं मोजा. .४४-४० चं काडतूस जास्तीत जास्त ४०.४ मिलिमीटर, .३०-३० चं ६४.८. जुन्या काडतुसात स्प्रिंगच्या दाबानं गोळी आत दबलेली असू शकते. असं आखूड झालेलं काडतूस नीट चढत नाही आणि उडवलं तर दाबही वाढतो. ते वेगळं काढा आणि परवानाधारक दुकानदाराला दाखवा. ट्यूबमध्ये टोकदार गोळीचं काडतूस कधीच भरू नका, कारण तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेलं असतं. चपट्या नाकाचीच गोळी.

गनस्मिथकडे जाताना मूळ परवाना बरोबर, रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये. त्याला चार गोष्टी लिहून द्या: मॉडेल आणि कॅलिबर, पाचपैकी कितवी डमी अडकली, लिव्हर कुठल्या टप्प्यात होती, आणि त्या क्षणी कॅरिअर वर होतं की खाली. अडकलेल्या अवस्थेतला मोबाइलवरचा फोटो असेल तर उत्तम. परत घेताना त्याच्यासमोरच पाच डमी दोनदा चालवून बघा, एकदा सावकाश, एकदा जोमानं, आणि मगच पैसे द्या.